हार घातलेलं इंजिन

गेल्या दसऱ्याला मी दादाच्या ट्रॅक्टरला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि इंजिनात तेल न घालता ते चालू केलं.

जुनं तेल आदल्या दिवशी मीच काढलं होतं. नवा डबाही माणिकपूरहून येताना मीच आणला होता. तो माझ्या स्कूटरच्या डिकीत होता. दसरा म्हणून स्कूटरलाही हार घातलेला. म्हणजे इकडे हार घातलेलं इंजिन कोरडं फिरत होतं आणि तिकडे, चार पावलांवर, हार घातलेल्या डिकीत तेल स्वस्थ बसलं होतं. पूजा दोघांचीही यथासांग झाली होती.

आज पुन्हा झेंडू आलाय. वहिनीने सकाळीच ओट्यावर टोपली ठेवली, सुई-दोरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “हार तेवढे करा, भावजी. बाकी कशाला हात लावू नका.” झेंडूचा तो कडवट, ओलसर वास बोटांना लागला की पूर्वी मला दसरा आठवायचा. आता डिझेल आठवतं. खाडीकडून येणारा वारा भाताच्या पिवळ्या लोंब्यांवरून येतो आणि थोडा चिखल, थोडा धूर, थोडं पलीकडच्या नव्या इमारतीचं सिमेंट घेऊन येतो. सगळं गेल्या वर्षीसारखंच आहे. ओट्यावरची खुर्ची तेवढी आत नेऊन ठेवली आहे.

ट्रॅक्टर म्हणायचा म्हणून ट्रॅक्टर. केळीच्या दोन ओळींतून मान खाली घालून निघून जाईल एवढाच त्याचा देह. एकच सिलिंडर, पुढे हँडल मारून चालू करायचा. दादाने तो घेतला तेव्हाच जुना होता, आणि दादाकडे आल्यावर आणखी म्हातारा झाला. आम्ही दोघं भाऊ. मी शिकलो, म्हणजे मुंबईतल्या एका ऑफिसात खुर्ची झिजवायला गेलो. दादाने वाडी धरली. मी रविवारी पाहुण्यासारखा यायचो, जेवायचो, जाताना पिशवीत केळी आणि शहाळी भरायचो आणि वर दादाला शेतीवर चार गोष्टी सांगायचो. तो ऐकून घ्यायचा. ट्रॅक्टरचं इंजिन चालू असेल तर बरंच, त्यात माझं काही ऐकू यायचं नाही.

त्या इंजिनाचा आवाज वेगळा होता. सगळी इंजिनं ठकठक करतात, हे ठक-ठक-खट करायचं. वरचा कसला तरी भाग सैल होता. आमच्या गावातला मेकॅनिक आंतोन, दादाचा शाळासोबती, अनेकदा म्हणाला की काढून घट्ट करतो. दादा म्हणायचा, “राहू दे. तो माझ्याशी बोलतो.” मी हसायचो. मशीनशी बोलणारा भाऊ आणि माणसांशीही फॉर्म भरल्यासारखं बोलणारा मी.

मग दादाचा दम गेला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, आता ती मऊ व्हायची नाहीत. नाकाला नळी आली आणि खोलीत एक चौकोनी यंत्र आलं. ते दिवसभर घुर्रर करायचं आणि मध्येच फुस्स. तोवर मी निवृत्त झालो होतो. रोज स्कूटर काढून वाडीत जायला लागलो. मदत म्हणून. वहिनीच्या शब्दांत सांगायचं तर, “दोन मानसांचा चहा होता, तो तीन मानसांचा झाला.”

आमच्याकडे दसऱ्याला मशीनला नुसता हार घालून भागत नाही. तिला बोलती करावी लागते. बैल होते तेव्हा त्यांना घराभोवती एक फेरी द्यायचे. बैल गेले, ट्रॅक्टर आला, तेव्हा वडिलांनी ठरवलं की आरती संपेपर्यंत इंजिन चालू राहिलं पाहिजे. नाहीतर मशीन वर्षभर रुसते. हा मान दादाचा. गेल्या वर्षी त्याला हँडल उचलणं शक्य नव्हतं. तो लांब नळी लावून ओट्यावर खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, “तू मार.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात काही तरी चालवायला दिलं होतं त्याने. मी छाती पुढे काढली. हँडल मारलं, आणि काय सांगू, झटक्यात चालू झालं! वहिनीने आरती सुरू केली. मी दादाकडे बघितलं. त्याने आधी मान वाकडी केली, मग उजवा हात वर केला. मला वाटलं, आशीर्वाद देतोय. मीही हात वर केला. त्याने आणखी जोरात हात हलवला. मीही हलवला. दोघं भाऊ आगगाडी सुटल्यासारखे एकमेकांना हात करत होतो. त्याला आवाजातला फरक कळला होता. ओरडायला श्वास नव्हता, एवढंच.

मग इंजिन किंचाळलं. कुत्र्याच्या शेपटीवरून चाक गेल्यासारखं. आणि गप्प झालं. आरती पुढे चालू राहिली, कारण मध्ये थांबवत नाहीत.

आंतोन दुसऱ्या दिवशी आला. हेड काढून आत बॅटरी मारली आणि मला बोलावलं. “ये, बघ. इंजिन जाळतात लोक. तू भाजून काढलंस.” पिस्टनवर मांजराने ओरबाडल्यासारख्या रेघा होत्या. खालचं बेअरिंग वितळून क्रँकच्या दांड्याला चिकटलं होतं. तेलाच्या जागी काळी भुकटी. आंतोनला बोलायला फार आवडतं. चर्चच्या गायकमंडळात तो सगळ्यांच्या वर आवाज लावतो, आणि इंजिन उघडलं की प्रवचनही देतो. नवा लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, लागेल, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, आणि क्रँक सातिवलीला नेऊन घासून आणावी लागेल, अशी यादी त्याने बोटांवर म्हणून दाखवली. मग आतल्या खोलीकडे बघून जरा हळू म्हणाला, “इंजिनला लायनर तरी मिळतो रे.” आणि लगेच पाना शोधायला लागला.

दादाने मला बोलावलं. एकेक शब्द नळीतून गाळून आल्यासारखा यायचा. “भात निघालं की... मागच्या पट्ट्यात... वाल. ओल हाय तोवर.” आमच्याकडे भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल होतात. ओल गेली की तोच पट्टा दगड होतो. वहिनी म्हणाली, शेजारच्यांचा ट्रॅक्टर बोलावू, सकाळभरात काम होईल. दादाने मान हलवली. “वाल नकोत मला,” तो म्हणाला. “मला माजा ट्रॅक्टर... ऐकायचा हाय. एकदा.”

एकदा म्हणजे शेवटचं एकदा, हे तिघांनाही समजलं. वहिनी उठून चुलीकडे गेली. मी म्हणालो, “त्यात काय! आठवड्यात चालू करतो.” मी हे असं नेहमी म्हणतो.

त्या दिवसांचा रंग मला आठवतो तो काळाच. नखांत काळं, डोळ्यांच्या कडांना काळं, वहिनीच्या पांढऱ्या कपाच्या कानावर माझ्या अंगठ्याचा ठसा. लिंबू आणि राख लावून हात घासायचो तरी जेवताना भाताला डिझेलचा वास यायचा. बाहेर कापणी चालली होती, कणसांचा गोडसर वास सगळ्या गावावर पसरलेला, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये परातीत नट-बोल्ट मांडून बसलेला. दादाच्या खोलीची खिडकी शेडच्या बाजूला नव्हती. तो नुसता कान लावून असायचा. पाना खाली पडला की आतून खोकल्यासारखा आवाज यायचा. तो हसत असावा.

क्रँक मी वहिनीच्या जुन्या गोधडीत गुंडाळून रिक्षाने सातिवलीला नेली. दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, सीटला तेलाचे डाग लागू नयेत म्हणून. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, “बीमार है क्या बच्चा?” मी म्हणालो, “हां.” त्याने बिचाऱ्याने खड्डे चुकवत, हळू नेलं.

सातिवलीच्या त्या गल्ल्यांत उन्हालाही लोखंडाचा वास येतो. जमिनीवर कातलेल्या लोखंडाचे कुरळे केस पडलेले असतात. गाळ्यागाळ्यावर पाटी, रिकंडिशन. पंप रिकंडिशन, गिअर बॉक्स रिकंडिशन, कंप्रेसर रिकंडिशन. मला तिथे उभं राहून एक फार खोल विचार सुचत होता, पण लेथवाल्याने हातातून क्रँक ओढून घेतली आणि म्हणाला, “परसों.” तो विचार तिथेच राहिला. पुढे त्याच विचाराने अनेकदा छळलं, म्हणून तो इथे लिहीत नाही. तुम्हाला तो आपोआप सुचलाच असेल.

त्याचा परवा काही उगवेना. कधी वीज नाही, कधी कारागीर गावाला, कधी माझीच क्रँक ढिगाखाली गेलेली. मी तिथे जाऊन स्टुलावर बसायचो आणि संध्याकाळी परत यायचो. दादा विचारायचा नाही. नुसता दाराकडे बघायचा, मग माझ्या रिकाम्या हातांकडे. तिकडे भात निघालं. पट्टा मोकळा झाला. मी रोज जाऊन मूठभर माती दाबून बघायचो. आधी तिचा गोळा व्हायचा. मग गोळा मोडायला लागला.

क्रँक आली तेव्हा नाताळाआधीचा आगमन काळ लागला होता आणि आंतोन चर्चच्या गोठ्यात गुंतला होता. आमच्या गावचा नाताळचा गोठा दरवर्षी तोच उभारतो. त्यात फिरणारी पाणचक्की असते, मेंढ्या माना हलवतात, आणि हे सगळं जुन्या शिलाई मशीनच्या मोटरवर चालतं. मी चर्चच्या आवारात जाऊन त्याला गाठलं. तो शिडीवर होता, तोंडात खिळे.

“आंतोन, दादाचं काही खरं नाही.”

त्याने खिळे हातात काढले. “मला कळत नाय काय? पन बाळ्या, येशूबाळ काय माज्यासाठी थांबायचा नाय. तू जमेल तेवढं पुसून-झाकून ठेव. मी रोजची मिस्सा संपली की येतो.”

आला. खरंच आला, रोज थोडा थोडा वेळ. लायनर बसला, रिंगा बसल्या. मला त्याने धुण्या-पुसण्यावर ठेवलं होतं. एकदा जाता जाता म्हणाला, “हवा आत जाते ते तोंड कापडाने बंद कर, धूळ जाईल.” मी वहिनीकडे चिंधी मागितली. तिने दादाचं जुनं बनियन फाडून दिलं. मी ती छान घडी करून, एकही सुरकुती न ठेवता, आत दाबून बसवली. ऑफिसात फायली लावणाऱ्याचा हात! दुसऱ्या दिवशी आंतोन यायच्या आत आपणही काही करून दाखवावं म्हणून त्यावर एअर फिल्टर चढवला आणि नट पक्के आवळले. आंतोनने बघून शाबासकी दिली.

नाताळच्या आधीची ती सकाळ. दादाला खुर्चीसकट ओट्यावर आणलं. वहिनीने त्याच्या डोक्याला मफलर बांधला होता. तेल मी दोनदा बघितलं, आंतोनने तिसऱ्यांदा. मग हँडल. काही नाही. पुन्हा हँडल. नोझलचा चर्र आवाज यायचा, म्हणजे डिझेल पोचत होतं, पण पेट घेईना. आंतोनने मारलं, मी मारलं, पुन्हा आंतोनने मारलं. त्याने नोझल काढला, फुंकला, बसवला. पंप बघितला. येशूपासून लेथवाल्याच्या आईपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. ऊन ओट्यावर आलं. दादा पुढे वाकून बसला होता, खुर्चीचे हात धरून, आणि प्रत्येक हँडलला त्याचे खांदे उचलले जात होते. मी बघत होतो तरी माझ्या लक्षात आलं नाही की तो आमच्याबरोबर हँडल मारत होता. वहिनी एकदम ओरडली, “पुरे करा आता!” दादाचे ओठ निळे पडले होते.

त्याला इस्पितळात नेलं. नाताळ तिथेच गेला. काही दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या. एरवी घरी न्या म्हटलं की बरं वाटतं.

परत आल्यावर तो उठला नाही. पट्टा तोवर पांढरा पडून भेगाळला होता. आंतोनने इंजिन पुन्हा उघडायचं म्हटलं होतं, पण त्याला ताप भरला. दादा दोन-तीन शब्दच बोलायचा आणि त्यातला एक असायचा, “कदी?”

तेव्हा मला ती युक्ती सुचली. मोबाईलवर कुणीतरी त्याच जातीच्या इंजिनाचा व्हिडिओ टाकला होता. आंतोनच्या गोठ्यातला, नाताळची गाणी वाजवायचा स्पीकर घरी आणला. दुपारी वहिनीला म्हटलं, मागचं दार उघडं ठेव. आणि स्पीकर कडेवर घेऊन पट्ट्यात उतरलो. सुरुवातीला व्हिडिओतला माणूस हिंदीत सगळ्यांना नमस्कार करतो, तेवढा भाग पुढे ढकलला. मग इंजिन सुरू झालं. ठकठक, ठकठक, अगदी झकास. मी ते घेऊन पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागलो, नांगरणीच्या चालीने, म्हणजे आवाज लांब जाईल आणि जवळ येईल. टोकाला पोचलो की दादा वळताना जसा वेग कमी करायचा तसा आवाज बारीक करायचो. वळलो की पुन्हा मोठा. ढेकळांवरून पाय मुरगळत होता. शेजारची कोंबडी बाजूला झाली नाही, तिला लाथ मारावी लागली. साठी उलटलेला एक माणूस, कडेवर स्पीकर, भर उन्हात कोरडी जमीन नांगरत होता, आणि मागच्या दारात पदर तोंडाला लावून वहिनी उभी होती. पूर्ण पट्टा नांगरला मी. एक ओळही सोडली नाही.

घामाघूम होऊन आत गेलो. दादाने डोळे मिटले होते, पण ओठ हलत होते. वहिनीने कान त्याच्या तोंडाशी नेला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“काय नाय,” वहिनी सरळ होत म्हणाली. “बरं वाटलं म्हनाले.”

त्याच आठवड्यात तो गेला. लोक आले, बायका बसल्या, कुणी तुळस आणली, कुणी पाणी. आणि या सगळ्यात ते चौकोनी यंत्र कोपऱ्यात घुर्रर-फुस्स करत राहिलं. नळी उशीवर पडली होती आणि उशीला हवा देत होती. बंद करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा धीर झाला नाही. शेवटी वहिनीच उठली आणि बटण खाली केलं. इतके महिने तो आवाज होता, तो गेल्यावर घर किती मोठं आहे ते कळलं.

दिवसकार्य उरकल्यावर आंतोन आला. फिल्टर काढला, आत बोटं घातली आणि ओढत ओढत ती घडी बाहेर काढली. थोडी काळी झाली होती, पण सुरकुती नव्हती. बनियनच्या गळ्याची शिवण दिसत होती. आंतोनने ती ओळखली की नाही, माहीत नाही. मी ओळखली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि, गायकमंडळातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस, काही न बोलता चिंधी माझ्या हातात दिली. मग हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्याला इंजिन चालू झालं. नवा लायनर, नव्या रिंगा, वरचा सैल भागही त्याने कामात काम म्हणून घट्ट केला होता. ठकठक, ठकठक. खट नाहीच. अगदी मोबाईलवरच्यासारखं.

ही अशी घटना आयुष्यात घडली की उपमा दारात रांग लावून उभ्या राहतात. श्वास, बनियन, अडकलेलं तोंड. मी त्यांना घरात घेत नाही. पण एक गोष्ट मी वर्षभर उराशी धरून आहे, ती ही की ट्रॅक्टर ऐकून दादाला बरं वाटलं होतं. इंजिन बिघडवलं मी, वाल गेले माझ्यामुळे, ती सकाळ वाया गेली माझ्या घडीमुळे. पण ती दुपार मी जिंकली. रात्री झोप लागली नाही की मी तो पट्टा पुन्हा एकदा नांगरतो आणि मग झोपतो.

हार झाले. ट्रॅक्टर शेडमधून बाहेर ओढून ओट्यासमोर उभा केलाय. तेलाची दांडी काढून बघितली, पुसून पुन्हा बघितली, तेल वरच्या खुणेला आहे. वहिनी ताट घेऊन आली. तिने इंजिनाला कुंकू लावलं, हार घातला, आणि हँडलला हात घालणाऱ्या मला बघून थांबली. मला काही तरी बोलायला हवं होतं. म्हणालो, “वहिनी, एक बरं झालं बघ. जायच्या आधी त्याने ऐकलं. बरं वाटलं म्हणाला ना तो?”

वहिनीने निरांजनाची वात पुढे केली.

“भावजी, ते तसं नव्हते म्हनाले.”

“मग?”

“म्हनाले, बाळ्याला सांग, त्याला हाच ट्रॅक्टर बरा. याला तेल लागत नाय.”